पाजणीची जागा

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या वस्तीमागं एक ओसाड मैदान होतं. उकिरडा, डुकरं, आणि दिवेलागणीनंतर बायकांनी तिकडं फिरकायचं नाही. मी शाळेत बाई. वस्तीत कुणालाही अर्ज लिहायचा तर माझ्याकडंच यायचे, आणि मला त्याचा चांगला तोरा होता. पालिकेला मीच लिहिलं, ही जागा रिकामी पडून आहे, कुणाच्याही उपयोगाची नाही, इथं मंडई आणि बाग करावी. सगळ्यांनी सह्या केल्या. शेजारच्या विणकर काकांनी अंगठा उठवला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण वर्षाच्या आत ओटे उभे राहिले, दिवे लागले, बाकं आली. पहिल्या रविवारी कडक भाकरी, शेंगाचटणी, पेरू, फुगे, नुसती झुंबड. अंधार पडल्यावरही बायका बिनघोर फिरत होत्या. मी तर हवेतच होते.

सोमवारी सकाळी शाळेला निघाले तर मंडईच्या तोंडाशी काका-काकू उभे. काकांच्या खांद्यावर सुताचा लांबलचक ताणा, काकूंच्या हातात पिठाच्या खळीचं पातेलं. मागावर चढवण्याआधी तो ताणा उघड्यावर ताणून, कुंच्यानं खळ देऊन वाळवायचा. तीच पाजणी. तिच्याशिवाय वीतभरही विणता येत नाही. वस्तीतले बोळ वाकडेतिकडे, तेवढी सरळ जागा मैदानातच होती. बांधकाम चालू होतं तोवर उरलेल्या पट्ट्यात त्यांचं भागत होतं, आता तिथंही बाकं आली होती.

दहा वर्षं रोज सकाळी त्या ताण्यांना वळसा घालून मी शाळेला जात होते, आणि लिहिताना मला ते दिसलेच नाहीत! लाज नंतर वाटली. आधी धक्काच बसला, माझ्या डोळ्यांचा.

अंगठा देताना बोलला का नाहीत, असं मी काकांना विचारलं.

"दुकानं कडंला व्हतील वाटलं, बाई. मैदान कुटं जातंय?"

आम्ही पालिकेत गेलो. साहेबांनी माझाच अर्ज पुढं सरकवला, वर अक्षर सुरेख आहे म्हणाले. घरी येईतो खळ आंबली होती. काकूंनी ती गटारात ओतली.

पुढं काकांचा माग बंदच राहिला. तरणे विणकर पॉवरलूमवर लागले, काकांना त्या वयात कोण घेणार? दोन महिन्यांनी ते माझ्याकडं आले. मंडईत भज्यांसाठी ओटा पाहिजे होता.

"अर्ज तुमीच लिवा. तुमचा अर्ज मंजूर व्हतो की."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी खाली मान घालून लिहीत गेले. धंद्याच्या जागी काय लिहिलं, त्यांनी विचारलं. विणकर, मी म्हणाले. त्यांनी ते खोडायला लावलं.