फोटोचा डावा कोपरा

तक्रार-अर्जाच्या माथ्यावर मी नेहमी दोन रकाने आखतो – दिनांक आणि जबाबदार व्यक्ती. आजही आखतो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातला दुसरा सोमवार : निनावी तक्रार मंचावर लागली. त्याच आठवड्यातला शुक्रवार : तक्रारीचा पुरावा म्हणून फोटो लागला. पुढचा मंगळवार : फोटो काढणारीची नोकरी गेली. आणि जबाबदार व्यक्ती? या रकान्यात मी तिच्या कंपनीचे नाव लिहिले, निरीक्षकाचे लिहिले, संगणकाचेसुद्धा लिहिले. खरे नाव बायकोलाही सांगितलेले नाही. ते तुम्हाला सांगायला बसलो आहे.

मी लिफ्टचा माणूस. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि तेव्हापासून मुलुंडच्या घरातून लिफ्ट-दुरुस्ती करणाऱ्यांचा एक ऑनलाइन मंच चालवतो. नियमावली माझी. कलम चार – तक्रारदाराचे नाव केवळ मंचचालकास ठाऊक राहील. मजकुरातून वा छायाचित्रातून ओळख पटेल असे सर्व काही चालक स्वतः काढून टाकेल. हे कलम मी चार वेळा लिहून काढले होते. मला त्याचा अभिमान होता – होता, असेच म्हणावे लागेल.

ती फोटो काढणारी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिचे नाव इथे लिहीत नाही. ते एकदा फोडून झाले आहे. शिकवताना मी प्रत्येकाला बजावत असे – हत्यारांच्या मुठींवर आपापली खूण करा, कामावर सरमिसळ होते. तिने हिरवी टेप गुंडाळली आणि वर पांढरा दोरा. साऱ्या कंपनीत ती खूण ओळखीची.

जोगेश्वरीच्या एका इमारतीत लिफ्टच्या नोंदवहीवर पुढच्या महिन्याच्या तपासणीच्या सह्या आधीच ठोकलेल्या तिने पाहिल्या. ब्रेक कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. तिने मला लिहिले – "काका, नाव तुमच्यापाशी ठेवते. घरात मी एकटीच कमावते, माहीत आहे ना तुम्हाला."

माहीत होते. म्हणूनच सांगणे जड जाते.

आता ऐका. याच आगाऊ सह्यांबद्दल मी वर्षानुवर्षे पत्रे लिहीत होतो. रजिस्टर्ड. संदर्भ क्रमांकासह. पोचपावत्यांच्या तीन फायली माझ्या कपाटात आहेत. उत्तर? एकाही अधिकाऱ्याने एक ओळ पाठवली नाही! आणि तिच्या दहा-बारा ओळी सोमवारी सकाळी लागल्या, तर जेवणवेळेपर्यंत मंच पेटला. बोरीवलीपासून घाटकोपरपर्यंतची माणसे लिहू लागली – आमच्याकडेही हेच चालते. एकाने विचारले, "कोण रे हा वाघ?" दुसऱ्याने माझ्याच मंचावर मला सुनावले, "ह्याला म्हणतात लिहिणं! काका, तुमचं पत्र वाचून होईस्तोवर लिफ्ट तळाला जाईल ना!" सगळे हसले. मीही हसऱ्या चेहऱ्याचे चित्र टाकले. दात आवळून.

ज्याला नाव नाही त्याला मान, आणि पूर्ण नाव-पत्त्यासह सही करणाऱ्याची थट्टा – हा न्याय होता का? चार दिवस मी हेच चघळले. तिचा एकेक शब्द वाचला. चांगला होता – माझ्यापेक्षा चांगला. तेच सहन होत नव्हते.

शुक्रवारी तिने नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. डाव्या कोपऱ्यात, पानाशेजारी, पेचकसाची मूठ आली होती. हिरवी टेप, पांढरा दोरा. मी कोपरा कापला. कापलेला फोटो पुढ्यात होता, फक्त पाठवायचा होता. आणि मी – मी तो कोपरा पूर्ववत केला. त्या क्षणी मनात काय आले असेल? कायदा! मूळ पुराव्यात काटछाट करू नये, असे मी मलाच बजावले, आणि बटण दाबले. वकिलालाही इतक्या झटपट सबब सुचली नसती.

मंगळवारी तिला कंपनीने काढले. संध्याकाळी तिने मंचावर स्वतःच्या नावाने एकच ओळ लिहिली – "मंचचालकांनी जाहीर सांगावं, माझी ओळख कशी फुटली?" मी उत्तर दिले – तांत्रिक त्रुटी.

दिवाळीच्या सुमारास ती घरी आली. फराळाचा डबा घेऊन. म्हणाली, "असू दे हो काका. मी पण बघायला हवं होतं. तुम्ही आधी चष्मा बदला बघू!" मी मान डोलावली. खरोखरच नवा चष्मा करून घेतला – खोट्याला साक्षीदार हवा म्हणून. ती आता एका दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करते. इतका चांगला हात, लिफ्टच्या कामाला पारखा झाला.

त्यानंतर मंचावर एकही निनावी तक्रार आलेली नाही. लोक दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतात. सह्या पूर्वीसारख्याच आगाऊ होत असतील – कोण सांगणार, आणि कुणाला?

माझ्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ ठरलेली आहे – संबंधितांनी जाहीर खुलासा करावा. उत्तर न देणाऱ्यांना मी भ्याड म्हणत आलो, लेखी. तिची ती एक ओळ मात्र दोन वर्षे माझ्यासमोर पडून होती, आणि संबंधित मी होतो.

आज सकाळी त्या ओळीखाली, माझ्या पूर्ण नावानिशी, लिहिले आहे : त्रुटी नव्हती. कोपरा मी कापला होता. मीच तो परत जोडला.