लाल ऑइल

पारोळ्याचा माझा मेकॅनिक घाई करतच नाही. जुन्या जीपचं पॉवर स्टेअरिंग जड झालं, तेव्हाही डबीतलं काळं पडलेलं ऑइल तो बोटांवर चोळत, हुंगत बसला. मूळचं लाल की हिरवं, ते त्याला ठरेना. मला धुळे गाठायचं होतं.

"काहीही टाका हो, भाऊ!" मी खेकसलो.

त्याने लाल ओतलं.

दहा किलोमीटरवर मागून हॉर्न सुरू झाला. मोटरसायकलवर तोच, हँडलला अडकवलेला हिरव्या ऑइलचा डबा.

"मनी चूक शे, भाऊ. या गाडीले लाल चालत नही, रबर फुगी जाई."

रस्त्याच्या कडेलाच त्याने सगळं ऑइल बदललं. घाई माझी, पण चूक त्याने स्वतःच्याच माथी घेतली.

आता त्याच्याकडून निघालो की धुळे येईपर्यंत माझी नजर आरशातच असते.