मिरीचा लिलाव

बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं म्हणतात. मी बोलणारा. भाजीबाजारात लिलाव पुकारतो. शिक्षण बेताचं, दिसणं त्याहून बेताचं, पण घसा देवाने दोन माणसांचा दिला. ओट्यावर उभा राहिलो की कच्चे टोमॅटोसुद्धा लाजून लाल होतात, असं माझं मत आहे. घरात मात्र माझा साधा कांदाही विकला जात नाही, असं बायकोचं मत आहे. दोन्ही खरं.

माझी थोरली बहीण शाळेत शिकवते. घरातलं सगळं शहाणपण आधी तिच्या पानात पडलं आणि माझ्या वाट्याला खरवड आली. यंदा तिने मनावर घेतलं होतं, की गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या बायकांची आयुष्यं मुलांना कळली पाहिजेत. नुसतं वाचून दाखवलं की मुलं पेंगायची. म्हणून अशा तीन-चार बायकांच्या हकिगतींवरून तिने एक नाटक रचलं. एका लहान मुलीला आईपासून तोडून बाजारात विकतात. ती मोठी होऊन पळून जाते आणि मग गावोगाव उभी राहून आपली गोष्ट सांगते, गुलामगिरी मोडा म्हणते. हे काम माझ्या मिरीला मिळालं. मिरी म्हणजे माझी लेक. आकाराने नावासारखी, तिखटपणातही नावासारखीच.

तिला विकणारा, म्हणजे लिलाव पुकारणारा, व्हायला मात्र वर्गातलं एकही पोर तयार होईना. वाईट माणूस कोण होणार? शेवटी ताईला घरचा माणूस आठवला.

"तालमीला यावं लागेल हं," ती म्हणाली.

"ताई, माशाला पोहायला शिकवतेस? रोज तेच करतो मी."

"निदान नाटक वाचून तरी ये."

"एक वार, दोन वार, तीन वार. झालं वाचून."

ताईने फक्त उसासा सोडला. माझ्यापुढे उसासे सोडण्याचा तिला लहानपणापासून सराव आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. माझं काम सोपं होतं. मिरी लाकडी खोक्यावर उभी राहणार, रंगमंचावरचे तीन मुलगे ठरलेली बोली बोलणार, मी हातोडा आपटणार की प्रवेश संपला. पण मी तोंड उघडलं आणि समोर एवढी माणसं बघून माझ्यातला बाजार जागा झाला.

"अहो, लांबून माल कळतो का? या, पुढे या!"

सभागृह हसलं. हसलेलं गिऱ्हाईक निम्मं आपलं, हे मला पक्कं ठाऊक. मग मला कोण आवरणार? भोपळा फिरवून दाखवतो तशी मी मिरीला खांद्याला धरून गर्रकन फिरवली. "दात बघा, एकही किडका नाही! खाते कमी, राबते जास्त! ओ मागच्या रांगेतले काका, हात खिशात घालून काय बसलाय?" काकांनी हात वर केला. पुढच्या रांगेतली पोरं ओरडून बोली चढवायला लागली. एका आजोबांनी काठी उंचावून त्याहून चढी बोली लावली. काकांनी पुन्हा भाव वाढवला. ते तीन मुलगे बिचारे आपली वाक्यं तोंडात धरून उभेच. हशा, शिट्ट्या, टाळ्या. खोटं कशाला बोलू, इतकं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं.

"एक वार! दोन वार!"

हातोडा उचलताना मी सवयीने मालाकडे एकदा पाहिलं. तिचा खांदा माझ्या मुठीत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. शेवटची बोली ज्यांची होती त्या काकांकडे बघत होती. ते कसे असतील, आपल्याला मारतील का, असा अंदाज घेत असावी तशी.

माझा घसाच बसला. दोन माणसांचा घसा, पण 'तीन' म्हणायला एकाचाही पुरेना. पडद्याआडून ताई दातओठ खात म्हणाली, "अरे, विक ना तिला!"

"नाही विकायची मला," मी म्हणालो. समोर माइक चालू होता. लोक आणखीच हसले.

मिरी खोक्यावरून वाकली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "बाबा, तीन म्हण ना. विकलंच नाहीस तर मी पळून कशी जाणार?"

म्हटलं मी. कुणाला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. हातोडा आपटला नाही, नुसता खाली ठेवला. दोन मुलांनी तिला दंडाला धरून नेलं आणि मी पडद्याआड येऊन स्टुलावर बसलो. लेक विकून आलो होतो, तीही चांगल्या भावाने. मला रडू येत होतं आणि खोट्या मिशा लावून रडायची लाजही वाटत होती.

शेवटच्या प्रवेशात मिरी मोठी बाई होऊन आली. खांद्यावर शाल, समोर तेच सभागृह. हळू, स्पष्ट आवाजात ती बोलायला लागली.

"मला विकलं तेव्हा मी लहान होते. आईचा हात सुटला, तो आठवतो. त्या दिवशी मला कुणी मारलं नाही. लोक हसत होते. पुकारणारा फार गमतीदार माणूस होता."

मागच्या रांगेतल्या काकांनी मान खाली घातली होती. मी शेजारी उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं.

"हे माझ्यावरून लिहिलंस?"

"नाही रे," ती म्हणाली. "हे तर सगळ्यात आधी लिहिलं होतं. तुझं काम कोण करणार, ते तेव्हा ठरलंही नव्हतं."