बाईंनी बसवलेला नाच

बाई कुठेही उभ्या राहिल्या तरी मागेच उभ्या राहायच्या. आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीची आरती असो, रेशनची रांग असो, नाहीतर कुणाच्या हळदीतला फोटो, बाई शेवटच्या. त्याही नुसत्या मागे नाही, तर दोन माणसांच्या मधल्या फटीत, अर्धा खांदा तेवढा दिसेल अशा. फोटोवाला ओरडायचा, "ओ काकी, पुढे या ना." बाई एक पाऊल पुढे यायच्या आणि तो बटण दाबेपर्यंत परत मागे गेलेल्या असायच्या. मी लग्न होऊन चाळीत आले तेव्हा मला वाटलं, बाई लाजाळू असतील. लाजाळू कसल्या! नळावर भांडायला लागल्या की समोरच्या चाळीतली माणसं कामं टाकून गॅलरीत येऊन उभी राहायची.

कारण मला पुढे कळलं. बाई तिसेक वर्षं सिनेमांत नाचल्या होत्या. हिरॉइन नाचत असते तेव्हा तिच्या मागे जो मुलींचा घोळका नाचतो, त्यात. कुणी विचारलं तर पत्ता सांगावा तसं सांगायच्या, "लास्ट लाइन, लेफ्ट साइड." "उंच ना मी. उंच मुलीला पुढे ठेवत नाहीत. हिरॉइन बुटकी दिसते." यात त्यांना दुःख वगैरे काही नव्हतं. लोक बँकेत नोकरी करतात, तशी त्यांनी शेवटच्या रांगेत केली. लग्न केलं नाही. भावाच्या खोलीत राहिल्या, भाऊ-वहिनी गेल्यावर भाच्याला वाढवलं, आणि भाचा कल्याणला बिऱ्हाड करून गेल्यावर एकट्या राहिल्या.

वय झालं, गुडघे गेले, तशी सिनेमातली बोलावणी बंद पडली. मग बाई चाळीतल्या बायकांचे नाच बसवायला लागल्या. हळदीला, मंगळागौरीला, गणपतीतल्या कार्यक्रमाला. सगळे समूहाचेच. आठ बायका, दोन रांगा. खालच्या गल्लीत दिवसभर मसाला कुटायचे डंक चालायचे. त्यांच्या ठोक्यावर बाई मोजायच्या, त्यांना गाणंबिणं लागायचं नाही. कुणी पायांकडे बघायला लागलं की त्या खुर्चीतून ओरडायच्या, "पाय काय पळून जाणारेत तुझे? शेजारणीचा खांदा बघ." खरं सांगते, त्या एका वाक्यावर दोन डावे पाय असलेल्या बायकाही सरळ नाचायच्या. मी मात्र कधी त्या रांगेत गेले नाही. दादरला साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहून आल्यावर मला नुसतं बसायला हवं असायचं.

बाईंचं आणि माझं सूत जुळलं ते पायांमुळेच. दुकानात आधी गादी होती. मांडी घालून बसायचं आणि साड्या टाकायच्या. मग दुकान नवं केलं, काचेचे काउंटर आले, आणि गिऱ्हाईक बसायला लागलं, आम्ही उभ्या. वर्षभरात माझ्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या. जिन्यात एकदा बाईंनी माझी चाल बघितली आणि म्हणाल्या, "ये आत." दोन बादल्या, गरम पाणी, मूठभर मीठ. एका बादलीत त्यांचे पाय, दुसरीत माझे. त्यानंतर दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, दुपारी आम्ही दोघी अशाच बसायचो. बोलायचोच असं नाही. दमलेल्या दोन बायकांना बोलायला लागतंच असं काही नाही.

तर अशा माझ्यावर नाचायची पाळी आली.

दुकानात मालकांची धाकटी सून लक्ष घालायला लागली होती. आम्ही तिला वहिनी म्हणायचो, ती आम्हाला मावशी म्हणायची. मुलगी वाईट नव्हती, उलट गोड होती, आणि गोड माणसाला नाही म्हणणं जास्त अवघड. दिवाळीच्या आधी तिने सगळ्यांना एकत्र केलं आणि सांगितलं की काउंटरवरच्या प्रत्येकीने दुकानाची साडी नेसून तीस सेकंदांचा रील करायचा. एकटीने नाचायचं. "हॅपी हवं, मावशी. एनर्जी दिसली पाहिजे." बाकीच्या मुली पंचविशीतल्या. त्या तिथल्या तिथे ठरवायला लागल्या. मी बावन्न वर्षांची. वहिनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. तुम्ही वर फॉल-बीडिंगला बसा. तिथे बसायला तरी मिळेल." वरचं ते खातं दोन-चार महिन्यांत बंद करून काम बाहेर द्यायचं ठरलेलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. माझ्या घरात तेव्हा माझाच एक पगार येत होता.

सोमवारी मी बाईंना सांगितलं. त्यांनी पाय बादलीतून काढले, पुसले आणि विचारलं, "दमलीयस?"

"हे काय विचारणं झालं?"

"बरं आहे. दमलेलं माणूस जास्तीचं काही करत नाही. नाच स्वच्छ येतो. ऊठ. साडी दाखव मला."

"कसली साडी?"

"दुकानात दाखवतेस ना? मी गिऱ्हाईक. दाखव."

मी त्यांच्या पलंगावरची चादर घेतली आणि दाखवली. घडी मोडली, झटका देऊन पसरली, काठावरून हात फिरवला, पदर खांद्यावर टाकला, चार बोटांत निऱ्या घेतल्या. बाई म्हणाल्या, "पंचनामा करतेस की काय? जरा हसून." पुन्हा दाखवली. पाचव्या वेळेला त्या मोजायला लागल्या, आणि माझा झटका बरोबर एकावर पडला, पदर तीनवर. "बघ, पंचवीस वर्षं नाचतेयस, तुला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दोन सोमवार आम्ही तालीम केली. फोन उभा असतो, त्यात फार जागा नसते, हे वहिनीने सांगितलं होतं. ते बाईंनी लक्षात ठेवलं आणि जमिनीवर खडूने चौकट आखली. तिच्या बाहेर पाय गेला की मोजणं थांबायचं.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधी वहिनीने रील घेतला. माझा एकही ठेका चुकला नाही. तिने तो बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाली, "मावशी, छानच. पण यात मध्ये कोण येणार आहे?"

"म्हणजे?"

"तुम्ही कुणाच्यातरी बाजूला नाचताय. बघा ना."

मी बघितलं. चौकटीच्या डाव्या कडेला मी, आणि मध्ये ही एवढी मोकळी जागा. बरं, फोन सरकवून मला मध्ये घेतलं तरी भागेना. माझे हात सारखे उजवीकडे कुणालातरी दाखवत होते, नजर तिकडेच, आणि पदर टाकला की मी एक पाऊल मागे सरत होते, त्या कुणाला तरी पुढे यायला वाट देत असल्यासारखी. मुली फिदीफिदी हसल्या. वहिनी हसली नाही. म्हणाली, "पुढच्या मंगळवारी परत बघू. नाहीच जमलं तर वर."

तो अख्खा आठवडा मी रागात काढला. सोमवारी बाईंच्या दारातच बोलले, "बाई, तुम्हाला मधलं काही येतच नाही. जन्मभर स्वतः मागे राहिलात आणि मलाही नेऊन मागेच उभं केलंत. आता मी वर बसते आणि मग घरी बसते." असं मी सत्तरीच्या बाईंना बोलले. आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

बाईंनी फोन मागितला. हात लांब करून तीन वेळा रील बघितला. मग म्हणाल्या, "खरंच गं. हिरॉइनची जागा सोडलीय मी."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"मला कळलंसुद्धा नाही बघ. मधली काय करते ते मी कधी बघितलंच नाही. माझ्यासमोर तिची पाठ असायची."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून चौकटीच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हात वर केला, खाली घेतला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तिथे खांदा नव्हता. तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि ज्या बाईंना मी तिसरा मजला दणाणून सोडताना ऐकलं होतं त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "इथे फार मोकळं वाटतं गं."

मग खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मला विचारलं, "गिऱ्हाईक साडी बघत असतं तेव्हा तू कुठे बघतेस?"

"तिच्या तोंडाकडे. घेणारेय की नुसती बघायला आलीय ते बघते."

"मग तेच बघ. फोनमध्ये गिऱ्हाईक बसलंय. सोडू नकोस तिला."

एवढंच बदललं. पावलं काढून टाकली, मागे सरणं काढून टाकलं. झटका, काठ, पदर, निऱ्या, आणि शेवटच्या ठोक्याला सरळ बघायचं, घेतेस की जाऊ, असं. मंगळवारी रील झाला तेव्हा मुली हसल्या नाहीत. वहिनी म्हणाली, "मावशी, तुम्ही तर माझ्याकडे बघताय असं वाटलं." आठवड्याभरात त्या साडीची विचारणा करत बायका यायला लागल्या. वर जायचा विषय संपला.

पण रील टाकताना वहिनीने विचारलं होतं, "खाली लिहायचं असतं. डान्स कुणी बसवला?" मुलींनी सगळ्यांनी आपापला स्वतःच बसवला होता. आपल्याला दुसऱ्याची मदत लागली असं कळलं तर पुन्हा वरचा जिना दिसेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "मीच." तिने लिहिलं, 'नृत्य: स्वतः'. भुवया उंचावून माझ्याकडे जरा आदराने बघितलंसुद्धा.

संध्याकाळी बाईंना रील दाखवला. त्यांना चष्मा सापडत नव्हता, खालची बारीक अक्षरं लागत नव्हती, पण माझा चेहरा दिसत होता. "दिसलीस गं," त्या म्हणाल्या. मग फोन परत देत, "कुणी बसवला ते विचारलं का त्यांनी?"

"विचारलं ना. सांगितलं की तुमचं नाव."

"माझं? कशाला?" त्या एकदम लाजल्या. खरंच लाजल्या. पातेलं घेऊन चहा ठेवायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नुसतं बाई लिहिलं, की पूर्ण नाव?"

"पूर्ण," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी चाळ पाडायला घेतली. भाचा येऊन बाईंना कल्याणला घेऊन गेला. मी शीवला भाड्याच्या खोलीत गेले. फोन व्हायचा, आधी आठवड्याला, मग सणासुदीला. येते येते म्हणत मी गेले नाही. सोमवारी अंगात उठायची ताकद नसायची, हे खरं आहे, पण ते कारण पुरेसं नाही हेही मला कळतं. मग एका सकाळी दुकानात भाच्याचा फोन आला. बाई जाऊन पंधरा दिवस झाले होते. झोपेत गेल्या म्हणाला. "आणि काकी, एक काम होतं. आत्या इथे सगळ्यांना सांगायची, माझं नाव आलंय म्हणून. मोबाइलवर, खाली लिहिलंय म्हणून. मला सापडत नाहीये. तुम्ही पाठवाल का? पोरांना दाखवायचंय."

पाठवते म्हटलं आणि मी सरळ वहिनीकडे गेले. खोटं बोलले होते ते तिला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, तो रील आता कोण बघतंय? पण थांबा, बदलून देते." तिने तो शोधून काढला, 'स्वतः' पुसलं आणि अंगठा फोनवर धरून माझ्याकडे बघितलं.

"बोला. काय नाव लिहू?"

आणि मला नाव येईना. खोली भावाच्या नावावर होती. वर्गणीच्या पावतीवर 'बाई' लिहिलेलं असायचं. माझ्या सासूबाईही त्यांना बाईच म्हणायच्या. सत्तावीस वर्षं मी शेजारी राहिले, त्यांच्या बादलीत पाय घालून बसले, आणि मी त्यांना कधी नाव विचारलं नव्हतं. पूर्ण, असं मात्र म्हटलं होतं.

मी भाच्याला परत फोन लावला. दुसरा उपाय नव्हता. "बाळा, बाईंचं नाव काय रे होतं?"

त्याला सगळं कळलं असणार. पलीकडे त्याची मुलं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "सुमती. सुमती गंगाराम."

मी वहिनीला सांगितलं. तिने लिहिलं आणि मला दाखवलं. काउंटरवर एक बाई येऊन उभी होती, तिला मोतिया रंगात काहीतरी हवं होतं. मी गेले, आणि तिच्या तोंडाकडे न बघता साडी उघडली.