गार गादी

परवा आमच्या रहाटणीच्या घरी नवी गादी आली. तिचा गारवा पाठीला लागला आणि कारखान्यात होतो तेव्हाची निघोजे गावातली भाड्याची खोली आठवली. तिथे आम्हा दोघा मित्रांत वर्षभर एकच गादी आणि एकच किल्ली. मी नाइट संपवून यायचो, तो जनरल शिफ्टला निघायचा आणि मी त्याच्या उबेत झोपायचो. एका सकाळी तो बॅग घेऊन पायरीवर बसलेला दिसला. "आई गेली रे. रात्रीच गावाकडून फोन आला." "मग तेव्हाच का नाही निघालास?" "किल्ली माझ्याकडं ना. तू रात्रभर मशीनवर उभं राहून येणार, मग टेकणार कुठं?" किल्ली देऊन तो भराभर गेला. मी आत जाऊन आडवा झालो, तर गादी गार होती. आता घरात चार किल्ल्या आहेत, पण या नव्या गादीवर अजून डोळा लागलेला नाही.