आईच्या नावाचा पानमळा

आमच्याकडे पानमळ्यात बाई जात नाही. विटाळ नसला तरी नाही, डोक्यावरून आंघोळ करून हात जोडत गेली तरी नाही. बाईचा पाय लागला की नागवेल जळते म्हणतात. कोणाची जळाली, कधी जळाली, ते विचारायचं नसतं. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले, "लई शायनी झाली तू," आणि विषय संपला.

पान मळ्याबाहेर आलं की मात्र त्याला काही होत नाही. बाबा सकाळी पानं खुडून आणायचे, अंगणात ओतायचे, आणि तिथून पुढचं सगळं आईचं. फाटकी वेगळी, कोवळी वेगळी, देठाला देठ जुळवून चवड लावायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, करंडी भरायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हेच करत आली. तिच्या बोटांचा हिरवट काळेपणा साबणानं कधी गेला नाही. मळा आमच्या मागच्या दारातून दिसतो, म्हणजे त्याच्या भोवतीचं काटक्यांचं कूड दिसतं. आई डबा घेऊन फाटकापर्यंत जायची, तिथून हाक मारायची, आणि बाबा बाहेर येऊन डबा घ्यायचे. आत काय आहे, वेली कशा चढल्यात, सावली कशी पडते, ते तिनं कधी पाहिलं नाही.

आणि हा मळा तिच्याच नावावर आहे. बाईच्या नावावर जमीन केली तर कुठल्याशा योजनेत सवलत मिळत होती, म्हणून बाबांनी एकदा तलाठ्याकडे जाऊन ते करून घेतलं. सातबाऱ्यावर बाई चालते. मळ्यात चालत नाही.

मी अकोल्याला कॉलेजात शिकवते. मागच्या मार्चमध्ये महिला दिनाला माझं भाषण होतं, जगातली स्त्री-पुरुष समानता, प्रगती आणि आव्हानं. मी पडद्यावर जगाचा नकाशा लावला. कुठं बाई पंतप्रधान झाली, कुठं अंतराळात गेली, कुठं तिला अजून घराबाहेर पडायला पुरुषाची परवानगी लागते, हे सगळं बोलले. त्या परवानगीच्या देशांबद्दल ऐकून मुली हळहळल्या. टाळ्या पडल्या, नारळ-शाल मिळाली. आज त्या नकाशाची आठवण झाली तरी माझं डोकं उठतं, कारण तेवढ्या मोठ्या नकाशात आमच्या मागच्या दाराबाहेरचं कूड कुठं नव्हतंच.

वैशाखात बाबा पानं खुडताना शिडीवरून पडले. खुबा मोडला. भाऊ पुण्याहून आला आणि त्यांना अमरावतीला दवाखान्यात घेऊन गेला. ऑपरेशन करायचं ठरलं. मला सुट्या होत्या, मी अकोटमार्गे गावी आले, आईसोबत राहायला. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पानवेलीला त्या दिवसांत रोज पाणी लागतं, एक दिवस चुकला तर पान मान टाकतं. पाणी बाबाच द्यायचे. आता देणार कोण?

"काका देतीन," भाऊ फोनवर म्हणाला. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांचा मळा आमच्या शेजारी. काका पहिल्या दिवशी आले. दुसऱ्या दिवशी त्यांची स्वतःचीच मोटर बिघडली. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. आई मागच्या दारात उभी राहून कुडाकडे पाहत होती. आत पाहता येत नव्हतं, तरी पाहत होती.

मी उठले, फाटक उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. मोटर सुरू केली. दांडातून पाणी सोडलं, ओळीओळीनं फिरवलं. एवढंच काम होतं. मला वाटलं होतं काहीतरी विद्या लागत असेल. फावडं धरता येणाऱ्या कोणालाही जमेल असं काम, आणि त्यासाठी आम्ही दोन धडधाकट बाया घरात बसून काकांच्या वाटेकडे डोळे लावून होतो.

बाहेर आले तर आई रडत होती. "काहून गेली वं? तुह्या बापाचं आपरेशन हाय. त्याहिले काई झालं तं लोक मलेच म्हनतीन."

"लोक गेले चुलीत," मी म्हणाले. "वेली सुकून राह्यल्या आई."

"सुकू दे. मानूस राह्यलं पायजे."

मला खरा राग आला तो आईचा. तो राग अजून पुरता गेलेला नाही. बाबा पडले ते शिडीचा पाया सरकला म्हणून, हे तिलाही माहीत होतं. पण बाबांना काही झालं तर बोट आपल्याकडे वळणार, हेही तिला माहीत होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत काकांना कळलं. ते आले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आईला म्हणाले, "वयनी, पोरगी शिकली म्हून काई बी करन काय?" मग फाटकावर नारळ फोडला, गोमूत्र शिंपडलं, उदबत्ती लावली. आणि कुलूप घातलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. रात्री भावाचा फोन आला. कंप्युटरवर काम करतो तो, त्याच्या हाताखाली चार मुली आहेत, बायकोला गाडी शिकवली म्हणून ज्याला त्याला सांगत असतो. तो म्हणाला, "ताई, माझा विश्वास नाही गं या गोष्टींवर. पण आत्ता बाबांचं टेन्शन, त्यात गावाशी वाकडं कशाला? काका पाहतील."

विश्वास नाही म्हणे. विश्वास असलेला माणूस परवडला, निदान त्याच्याशी भांडता तरी येतं.

काकांनी दोनेकदा पाणी दिलं. मग त्यांच्या साळ्याच्या पोरीचं लग्न निघालं बाळापूरला, आणि ते सहकुटुंब तिकडे गेले. स्वतःच्या मळ्याला पाणी द्यायला गडी ठेवला, आमची किल्ली मात्र खिशातच गेली. मी फोन केला. "उद्या येतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी केला. मागं बँड वाजत होता. "अवं, हळद हाय आज, उद्या नक्की." त्यानंतर त्यांनी फोनच उचलला नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबांना ताप भरला आहे, मी ते पाहू की पानं पाहू?

मी गोठ्यातली सब्बल, लोखंडी पहार, काढली. कुलूप तसं साधंच होतं, दोन घावांत निघालं असतं. आई पदर खोचून फाटकाला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर ऊन मावत नव्हतं. "बापाले ताप हाय वं तुह्या," एवढंच म्हणत होती. तिच्या मागं कुडाच्या फटीतून वेली दिसत होत्या, पानं कडेनं पिवळी पडलेली, खाली लोंबणारी. मोटर आत, पाणी विहिरीत, हात आमच्याकडे, आणि मधे माझी आई. तिला ढकलून जाणं मला जमलं नाही. सब्बल टाकली आणि तिला घरात नेऊन पाणी पाजलं.

काका परत आले तेव्हा मळा संपला होता.

बाबा वाचले, काठी धरून चालत घरी आले. त्याबद्दल देवाचे आभार मानायला सगळे होते. मळ्याबद्दल मात्र बैठक बसली, आमच्याच ओसरीत. काका म्हणाले, "मी त सांगतलंच होतं, पाय लागला." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "मी पाणी दिलं त्या दिवशी वेली जिवंत होत्या. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, बाळापूरला तुम्ही. जाळलं कोणी?" बाबा जमिनीकडे पाहत राहिले. भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे ना आता." त्याच्या तोंडून हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे.

वाळल्या वेली काढून तिथं संत्री लावायचं ठरलं. काढायला मजूर हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काकांनी बायाच सांगितल्या होत्या. बायांची मजुरी कमी पडते. विळे घेऊन पाच-सहा जणी फाटकातून सरळ आत निघाल्या, चपलांसकट, आणि काका बाजूला उभे राहून त्यांना कुठून सुरुवात करायची ते दाखवत होते. मी म्हणाले, "काका, बाया?"

"आता काय त्याचं? वाळला न मळा," ते म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मळा हिरवा असताना बाई नाही चालत, मळा मेल्यावर चालते. मी ओरडणार होते, पण मागून आई आली.

डोक्यावर पदर, पायात रबरी चपला. फाटकाशी जरा थांबली, डबा घेऊन थांबायची तशी. काका सवयीनं म्हणाले, "वयनी, चपला."

"आता काय जळाचं राह्यलं, भाऊजी?" आई म्हणाली आणि तशीच आत गेली.

मी तिच्या मागं गेले. मजूर बाया वेली ओढून ढीग घालत होत्या. सावली नव्हतीच कुठं, नुसत्या काटक्या आणि त्यावर कुरकुरीत झालेली पानं. आई ओळीतून चालत शेवटपर्यंत गेली, विहिरीत डोकावली, मोटरच्या पेटीला हात लावून पाहिला. पलीकडचं कूड लागलं तेव्हा थांबली. मागं वळून फाटकाकडे पाहिलं, तिथून आपलं मागचं दार दिसत होतं.

"एवढाच हाय?" तिनं विचारलं.

"एवढाच," मी म्हणाले.

"मले वाटे लई मोठा असन," आई म्हणाली.