कुंचीखालची ढील

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हैसूरमध्ये आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या, घरातली मराठी निम्मी कन्नड झाली, पण हे बदललेलं नाही. दवाखान्यातून बाळ-बाळंतिणीला घरी आणायचं ते मुलीच्या बापाने, आणि बाळ येतं ते आजीच्या मांडीवर. म्हणून नात झाली त्या आठवड्यात मी गाडी धुऊन घेतली, मागच्या सीटवर नवी चादर घातली, चाकांतली हवा तपासली. दवाखान्यापासून हूटगळ्ळीच्या आमच्या घरापर्यंत दोन रस्ते आहेत. दोन्ही चालवून बघितले आणि कमी खड्ड्यांचा ठरवून ठेवला.

घरी सोडण्याच्या दिवशी दवाखान्याच्या दारात माझ्या आधी व्याह्यांची गाडी उभी होती. नवी, पांढरी. मागचं दार उघडं आणि आत लहान मुलांची सीट, मागच्या काचेकडे तोंड करून पक्की बसवलेली.

मुलगी म्हणाली, "अप्पा, बाळ त्या सीटमधूनच जाणार. मांडीवर नाही. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरं आहे. मी मान हलवली होती. आजीच्या मांडीपेक्षा चांगली जागा कुठली, असं मनात म्हणून विषय सोडून दिला होता.

"जोरात ब्रेक लागला तर तीन किलोचं बाळ हातात राहत नाही. आकडे तुम्हाला कळतात ना?"

कळत होते. कारखान्यात माझं सगळं आयुष्य मापं तपासण्यात चाललंय. वेग आणि वजन यांची गाठ पडली की काय होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला तिथल्या तिथे पटलं. पटलं नाही ते एवढंच, की ती सीट त्यांच्या गाडीत होती.

व्याही हसत पुढे आले. "व्याही, तुम्ही आरामात मागून या. घाई नाही." मग ते, मुलगी आणि माझी नात पुढे गेली. माझ्या गाडीत बॅगा, बादली आणि बायको. नव्या साडीतल्या तिच्या मांडीवर गरम पाण्याचा थर्मास होता. घर येईपर्यंत मी त्या पांढऱ्या गाडीच्या मागे चाललो, आणि ती गेली खड्ड्यांच्या रस्त्याने.

तीन महिन्यांनी मुलगी नजरबादला सासरी गेली. तेव्हापासून रविवारी दुपारी नात आमच्याकडे यायची आणि दिवे लागायच्या आत परत जायची. आणायचं व्याह्यांनी, न्यायचंही त्यांनीच. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. बोलणं गोड. आमच्या शेजाऱ्यांनासुद्धा ते माझ्याहून जास्त आवडतात. गाडीतून उतरताना नात त्यांच्या खांद्याला अशी चिकटलेली असे, की मी हात पुढे केला की ती मान फिरवी. तिचा पहिला शब्द 'ताता'. कन्नडात आजोबांना ताता म्हणतात. मला आजोबा म्हणायचं असं ठरलेलं होतं, आणि तेवढं तिच्या जिभेला कुठून वळणार?

"अहो, तिचं तोंड वाकडं नाही, तुमचं आहे," बायको म्हणाली. "बघेल तेव्हा भुवया चढवलेल्या. मलाच भीती वाटते, तिला का नाही वाटणार?"

मी ठरवलं, आपणही सीट घ्यायची.

माझी गाडी चौदा वर्षांची. व्याह्यांच्या गाडीत गादीच्या फटीत दोन लोखंडी कड्या आहेत, त्यांत सीट अडकवली की झालं. माझ्या गाडीत त्या नाहीत. पण मागचे पट्टे कमर आणि छाती दोन्ही धरणारे आहेत, आणि काही सीटा तशा पट्ट्याने बांधता येतात. पहिली आणलेली सीट परत केली, कारण तिला वळसा घालताना माझा पट्टा सहा सेंटिमीटर कमी पडला. दुसरी बसली. मी तिच्यात गुडघा रोवून पट्टा आवळला, मग पट्टा जातो तिथे धरून हलवून बघितली. इंचभर हललेली चालते असं पुस्तिकेत होतं. माझी त्याच्या निम्मीही हलत नव्हती. मग नातीच्या वजनाइतका तांदूळ पिशवीत भरून ती पिशवी बसवली, आणि गल्लीतून एक चक्कर मारली.

बायको फाटकात उभी होती. "साकु आता, पुरे," म्हणाली. "तांदूळ झोपला, उचलून आत आणा. रात्रीचा भात करायचाय."

पुढच्या रविवारी मुलीने सीट तपासली. नातीला बसवलं, बक्कल लावलं, आणि पुढचं टोक ओढून खांद्यावरचे पट्टे आवळून दाखवले. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा. चिमटीत घडी आली तर सैल, बोटं घसरली तर बरोबर. मी माझ्या सवयीने बाहेर आलेलं टोक मोजलं. साध्या झबल्यावर, नीट आवळल्यावर, ते सतरा सेंटिमीटर होतं.

"छान बसवलीय अप्पा," मुलगी म्हणाली. मग नातीला काढून घेतलं आणि ती व्याह्यांच्या गाडीत बसून गेली. ती आलीच होती त्या गाडीतून, तर जाणारही त्याच गाडीतून. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण माझी सीट रिकामीच राहिली. कारखान्यातून येताना आरशात मला तिची पाठ दिसायची.

म्हणून जावळाचा विषय निघाला तेव्हा मी आधीच बोलून टाकलं. जावळ म्हणजे आजोळचा मान. केस काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. मला मुलगा नाही, तेव्हा मामाच्या जागी मी बसणार, आणि नात माझ्या गाडीतून येणार-जाणार. कावेरीकाठचं आमचं कुलदेवीचं देऊळ तीस किलोमीटरवर आहे. पूर्ण एक तास मला नात माझ्या गाडीत हवी होती. दुसरं काही मागितलं नव्हतं.

मुलीने दोघांचे चेहरे बघून निकाल दिला. "जाताना मामंजींची गाडी. येताना अप्पांची."

डिसेंबरची सकाळ होती. नदीवरून वारा येत होता. न्हाव्याने वस्तरा काढला तशी नात माझ्या मांडीवर ताठ झाली आणि हात पसरून ओरडली, "ताता!" व्याही लगेच समोर उकिडवे बसले, टाळ्या वाजवू लागले, तोंडाने कावळ्याचा आवाज काढू लागले. ती हसली. मांडी माझी होती आणि ती बघत होती त्यांच्याकडे. कापलेले केस माझ्या धोतरावर पडत होते एवढंच.

केस काढून, अंघोळ घालून झाली आणि व्याह्यांनी पिशवीतून कुंची काढली. स्वतः शिवलेली. डोक्याला टोप आणि तिलाच जोडून खांद्यावरून पाठीवर पडणारा झोळ, तशी जुन्या पद्धतीची. म्हैसुरी रेशीम, जांभळं, कडेला जर, टोकाला गोंडे. आत कापूस भरून बारीक टाके घातलेले. नात तिच्यात राणीसारखी दिसत होती, हे मलाही दिसत होतं. जेवणाच्या पंगतीत प्रत्येकजण त्या कुंचीला हात लावून बघत होता. कुणी विचारलं, आजोळकडून काय आलं? चांदीचा वाळा आला होता, पण तो कुंचीखाली झाकला गेला होता.

दुपार कलल्यावर निघालो. व्याह्यांनीच नातीला उचलून माझ्या गाडीत आणलं, कुंचीसकट सीटमध्ये बसवलं, पट्टे खांद्यांवरून घेतले, बक्कल लावलं आणि टोक ओढून आवळलं. सगळं बरोबर केलं त्यांनी. मुलीने चिमटीत धरून बघितलं, बोटं घसरली. दाराभोवती माणसं जमली होती, फोन काढून फोटो चालले होते.

मी टोकाकडे बघितलं. ते फार आखूड वाटलं. वीत लावली. दहा सेंटिमीटर होतं.

मूल तेच, सीट तीच, पट्टा घट्ट, आणि टोक सात सेंटिमीटरने कमी. मग तेवढा पट्टा गेला कुठे? गेला होता कुंचीवरून वळसा घालून. खांद्यावरचा कापूस आणि पाठीमागे गोळा झालेला झोळ, यांना तो आवळत होता. धक्का बसला असता तर कापूस चेपला असता आणि माझी नात त्या सात सेंटिमीटरच्या ढिलीतून निसटली असती.

"कुंची काढावी लागेल," मी म्हणालो.

हसणं थांबलं.

"अय्यो, सुम्ने राहा हो," बायको माझ्या कानाशी आली. "आज तरी गप्प बसा."

"अप्पा, पट्टा घट्ट आहे. मी बघितलं आत्ताच. तिचं डोकं उघडं पडेल, वारा आहे."

व्याही हसतच होते, पण हसू नुसतं ओठांवर उरलं होतं. "व्याही, कुंची आवडली नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

आवडली नव्हतीच. सकाळपासून ती कुंची माझ्या डोळ्यांत खुपत होती, आणि तिथल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. मलाच एक क्षण शंका आली, की हा कुंचीतला दोष मला दिसला, की मी तो शोधत होतो? गप्प बसलो असतो तर त्या दिवशी मी मोठ्या मनाचा ठरलो असतो. आणि पुढे हमरस्ता होता. त्यावर ट्रक असतात, बस असतात, मध्येच वळणारे दुचाकीवाले असतात.

"पट्ट्याला कुणी हात लावू नका," मी म्हणालो. "आहे तसाच राहू दे."

बक्कल सोडलं, नातीला उचललं, गोंडे सोडून कुंची काढून व्याह्यांच्या हातात दिली. नात रडू लागली. तिला नुसत्या झबल्यावर परत बसवलं, हात पट्ट्यांतून घातले, बक्कल लावलं. आवळलं काहीच नाही. मग पट्टा आणि तिची छाती यांच्यामध्ये हात घातला. माझा सबंध पंजा आत गेला आणि वर जागा उरली.

मुलीने तोंडावर हात ठेवला.

व्याही वाकले. त्यांनी आपला हात घातला, काढला, पुन्हा घातला. पट्टा नातीच्या खांद्यावरून सहज खाली उतरला.

"कापूस दुहेरी घातला मी," ते म्हणाले. "थंडी म्हणून."

मला आनंद झाला. झाला नाही म्हणणं खोटं होईल. पण नात रडत होती, तुळतुळीत डोकं वाऱ्यात लाल झालं होतं, आणि हात पसरले होते ते अजूनही त्यांच्याकडेच. माझ्याकडे बघून तर ती आणखी जोरात रडली. तिच्या डोक्यावरचं ऊबदार काढून घेणारा माणूस मीच होतो.

व्याह्यांनी मुलीकडून पातळ सुती टोपडं मागून घेतलं आणि नातीच्या डोक्याला बांधलं. टोक ओढून पट्टे आवळले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती?"

मी वीत लावली. "सतरा."

"बरोबर?"

"बरोबर."

मग त्यांनी कुंची उलगडून उलटी धरली आणि पट्ट्यांच्या वरून, पुढच्या बाजूने, पांघरुणासारखी नातीवर घातली. कडा दोन्ही बाजूंना खोचल्या. आता पट्टे तिच्या अंगाला होते आणि कुंची पट्ट्यांच्या वर. जरीचे गोंडे तिच्या हातात आले. ती एक गोंडा तोंडात घालून गप्प झाली.

हे मला सुचलं नव्हतं. कुंची काढायची एवढंच मला सुचलं होतं.

मी गाडीत बसून किल्ली फिरवणार, तेवढ्यात मागचं दार पुन्हा उघडलं. व्याही होते. "ती कुंची तोंडावर सरकली तर? कुणीतरी शेजारी हवं. तुमचं तर लक्ष रस्त्यावर." विहीणबाई, बायको आणि मुलगी जावयाबरोबर पांढऱ्या गाडीत बसून मोकळ्या झाल्या होत्या. नाही म्हणायला कारणच नव्हतं. आणि त्यांचं म्हणणं खरंही होतं. पांघरूण लहान मुलाच्या तोंडावर यायला नको, हे कुणीही सांगेल.

ते नातीशेजारी बसले.

"बेल्ट," मी म्हणालो.

"मागेसुद्धा?"

"मागेसुद्धा."

त्यांनी शोधून पट्टा ओढला. खट् आवाज ऐकल्यावर मी गाडी काढली.

हमरस्त्याला लागलो. नात मागे तोंड करून बसलेली, त्यामुळे आरशात मला तिच्या सीटची पाठ दिसत होती आणि तिच्या शेजारी व्याह्यांचा चेहरा. भुवया उडत होत्या, गाल फुगत होते, अधूनमधून कावळा ओरडत होता. प्रत्येक वेळी सीटच्या पलीकडून हसण्याचा आवाज येई. माझी नात, माझ्या गाडीत, मी बांधलेल्या सीटमध्ये. आणि तिचं हसू मला बघायला मिळत होतं ते त्यांच्या तोंडावर.

मी साठच्या वर गेलो नाही. पांढरी गाडी केव्हाच पुढे निघून गेली. तास मागितला होता, सव्वा तास लागेल असं दिसत होतं. तेवढा मी लावला.